ऐंशी रुपयांचं रबर

खट्... खट् खट्... खडाखट्!

मुलांनो, हा आवाज आमच्या शाळेतल्या पोरांना अगदी पाठ झाला होता. ओढ्यावरचा पूल ओलांडून माझी गाडी शाळेच्या रस्त्याला लागली, की मैदानातली पोरं ओरडायची, "बाई आल्या, बाई आल्या! पळा!" घंटा व्हायच्या आधीच सगळे ओळीत उभे. मुख्याध्यापकांना वाटायचं, काय ही शिस्त!

शिस्त कसली? माझ्या गाडीचं सस्पेन्शन वाजत होतं.

माझी गाडी म्हणजे २०१२ सालची अल्टो. २०२१ मध्ये एका निवृत्त कारकुनांकडून मी ती जुनीच विकत घेतली. घरापासून शाळा चौदा किलोमीटर. आमची शाळा कोरेगाव तालुक्यात, म्हणजे उसाच्या पट्ट्यात. हंगाम सुरू झाला की भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याची अशी चाळण करून टाकतात, की शेवटचे चार किलोमीटर गाडी चालवते आहे की जात्यावर बसले आहे तेच कळू नये. २०२३ चा पावसाळा संपला आणि हे खट् खट् सुरू झालं. आधी वाटलं, डब्यातला चमचा वाजत असेल. डबा मांडीवर घेऊन बघितला. चमचा गप्प, गाडी बोलतेच आहे!

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी गाडी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. काचेची केबिन, थंडगार एसी, प्यायला कॉफी. गाडी आत गेली, वीस मिनिटांनी बाहेर आली आणि माझ्या हातात एक छापील कागद आला. त्याला म्हणतात इस्टिमेट, म्हणजे खर्चाचा अंदाज. पुढचे दोन शॉकॲब्झॉर्बर ३,९०० रुपये, त्यांच्या वरच्या बैठका १,३०० रुपये, दोन लोअर आर्म २,८०० रुपये, बुश किट ९६० रुपये, मजुरी ३,२०० रुपये, व्हील अलाइनमेंट ६०० रुपये, किरकोळ ३४० रुपये. एकूण १३,१०० रुपये.

मी शाळेतली बाई. सवयीनं लाल पेन काढलं आणि आधी बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. पण रक्कम बरोबर होती का? ते मला कुठे तपासता येत होतं! रोज पोरांना खरेदी-विक्रीची गणितं घालणारी मी, त्या कागदापुढे पहिलीतल्या पोरासारखी उभी होते.

मी विचारलं, "यातला नेमका कोणता भाग वाजतोय?"

काउंटरवरचा तरुण हसून म्हणाला, "मॅडम, सस्पेन्शनचं असंच असतं. सगळं एकदम केलं की टेन्शन नाही. साहेबांना फोन देता का, त्यांना समजावून सांगतो."

साहेबांना! गाडी माझी, पगार माझा, आवाज रोज ऐकते मी! "विचार करून सांगते," एवढंच म्हणाले आणि गाडी घेऊन निघाले. खट् खट्, खट् खट्.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझा चेहरा उतरलेला होता, आणि चौथीच्या पोरांपासून काही लपत नाही बरं का. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मागच्या बाकावरून एक हात वर आला. या मुलाच्या वडिलांचं फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज आहे. त्याचं खरं नाव छापलं तर तो रुसेल, म्हणून आपण त्याला 'धाकटे मिस्त्री' म्हणू. धाकटे मिस्त्री म्हणाले, "बाई, आधी आवाज कुठनं येतोय ते बघायला लागतं. बदलायचं मागनं."

आता गोष्ट पुढे नेण्याआधी सस्पेन्शन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. मलाही ते तेव्हाच कळलं. चाक आणि गाडीचं शरीर यांच्यामध्ये स्प्रिंग असते. खड्डा आला की चाक खालीवर होतं, स्प्रिंग दबते आणि आपली हाडं वाचतात. पण नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी पुढच्या गावापर्यंत उड्या मारत गेली असती. त्या उड्या थांबवतो शॉकॲब्झॉर्बर. मिस्त्री लोक त्याला 'शॉकअप' म्हणतात. रंगपंचमीची पिचकारी आठवा. भोक बारीक असलं की दट्ट्या कितीही जोरात ढकला, तो आपल्याच चालीनं जातो. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि दट्ट्याला बारीक भोकं असतात. तेल त्या भोकांतून अडखळत जातं, म्हणून स्प्रिंगला नाचता येत नाही. छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाला शॉकअप आणि स्प्रिंग यांचा एकच खांब असतो. त्याला 'मॅकफर्सन स्ट्रट' म्हणतात. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं तो १९४० च्या दशकात तयार केला. याशिवाय चाकाला जागेवर धरून ठेवणारे लोखंडी हात आणि दांडे असतात, आणि जिथे लोखंड लोखंडाला भेटतं तिथे मध्ये रबराचा जाड तुकडा असतो. तो म्हणजे बुश. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी फाट्यावर गेले. धाकटे मिस्त्री बाकड्यावर बसून पेरू खात होते. थोरल्या मिस्त्रींनी हात पुसले आणि विचारलं, "ब्रेक मारल्यावर वाजतंय का, बाई? का वळताना? का नुसतं खड्ड्यात?" मग किल्ली घेऊन ते स्वतः गाडी चालवून आले. समोरच्या गतिरोधकावरून एकदा दोन्ही चाकं नेली, एकदा एकच. काच खाली करून डोकं बाहेर काढलेलं, डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तसा चेहरा.

परत येऊन त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून गाडी जोरात दाबली आणि सोडली. गाडी वर आली आणि थांबली. दुसरा कोपरा, तसंच. "शॉकअप बरं आहे," ते म्हणाले. "गेलं असतं तर डुलत बसली असती." मग जॅक लावला, खाली घोडी ठेवली आणि चाक काढायच्या आधी ते वरखाली, आडवं हलवून बघितलं. चाक काढल्यावर बॅटरी पाडून मला बोलावलं, "या, तुम्हीच बघा."

शॉकअपच्या नळीवर कोरडी धूळ होती. "तेल गळत असतं तर ही धूळ चिकट झाली असती," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी टॉमी, म्हणजे लांब लोखंडी पहार, एका दांड्याखाली घातली आणि किंचित उचकटलं. खट्! अगदी तोच आवाज! हा दांडा डाव्या आणि उजव्या चाकाला जोडतो, वळणावर गाडी कलू देत नाही. त्याचं नाव स्टॅबिलायझर बार, मिस्त्रींच्या भाषेत बॅलन्स रॉड. त्याच्या बुशचं रबर फाटून, वाळून गेलं होतं. गाडी फार फिरलेली नसली तरी रबर वयानंही कडक होतं, हे मला माहीत नव्हतं.

"चार बुश टाकू. ऐंशीला एक, तीनशे वीस. मजुरी सातशे," मिस्त्री म्हणाले. "मागनं शहरात जाऊन अलाइनमेंट तेवढी तपासून घ्या, ते मशीन माझ्याकडं न्हाई."

तेरा हजार शंभरच्या जागी एक हजार वीस! मी आनंदानं उडी मारायला हवी होती की नाही? पण मुलांनो, मी काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. आईनं मला लहानपणीच मंडईत शिकवलं होतं, की सांगितलेल्या किमतीला लगेच हो म्हणायचं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ऐंशी रुपयांच्या रबराला सातशे मजुरी? काहीतरीच! पाचशे घ्या."

मिस्त्री क्षणभर थांबले. "बरं बाई. पाचशे द्या," म्हणाले आणि गाडीखाली गेले.

धाकट्या मिस्त्रींचा पेरू हातातच राहिला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. वर्गात एखाद्यानं दुसऱ्याची पेन्सिल उचललेली दिसली की पोरं जशी बघतात ना, तसं.

मग मी तिथेच बसून काम बघितलं. पहिलाच नट गंजलेला. मिस्त्रींनी ब्रशनं माती काढली, तेल सोडलं, थांबले, पाना लावला. हलेना. पुन्हा तेल, पुन्हा पाना, पान्याला लांब पाईप. एका नटानं पाऊण तास खाल्ला! त्यांच्या बोटाचं साल निघालं. मुलाला मात्र त्यांनी एकदाही गाडीखाली येऊ दिलं नाही. "लांबनं बघ," एवढंच. जुनं रबर काढून, जागा घासून, नवं बसवून, सगळं आवळून गाडी खाली यायला अडीच तास लागले. मग पुन्हा गतिरोधकावर एक चक्कर. आवाज गायब.

मी आठशे वीस रुपये दिले. फाटलेले चार बुश कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिले. "जुनं सामान आपलं आपण बघून घ्यावं, बाई. म्हणजे बदललं का न्हाई ते कळतं."

घरी जाताना गाडी अगदी गप्प होती. त्यामुळे मलाच विचार ऐकू यायला लागले. अडीच तासांचे पाचशे, म्हणजे तासाला दोनशे. त्यातून शेडचं भाडं, वीजबिल, जॅक, पाने. आणि दोष शोधायला घालवलेला सुरुवातीचा वेळ? तो त्यांनी धरलाच नव्हता. शिवाय दोष शोधला नसता आणि "शॉकअप गेलंय बाई" असं ठोकून दिलं असतं, तर मी निमूट सात-आठ हजार मोजले असते. मला काय कळणार होतं! त्या माणसानं खरं सांगून स्वतःचं नुकसान करून घेतलं आणि मी वर दोनशे रुपये कापले.

सोमवारी गणिताचा तास होता. खरेदी, विक्री, नफा, तोटा. धाकटे मिस्त्री उभे राहिले. चेहरा अगदी सरळ. "बाई, मजुरी कशात धरायची? खर्चात का नफ्यात?"

डी.एड.ला असताना मुलांचे आडवे प्रश्न कसे हाताळायचे यावर मला चांगले गुण मिळाले होते. त्या दिवशी ते काही उपयोगी पडले नाहीत. मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "आपण सगळे मिळून शोधू."

मग काय, वर्ग सुटलाच! एकीची आई ब्लाउज शिवते. ती म्हणाली, "लोक म्हणतात, कापड आमचं, तर एवढी शिलाई कशाची? पण दोरा, लाइट, मशीनचं तेल आमचं असतं. आणि आईचे डोळे दुखतात." एकाचे आजोबा न्हावी आहेत. तो म्हणाला, "आजोबा तर गिऱ्हाइकाला काहीच देत नाहीत, उलट त्याचेच केस ठेवून घेतात. तरी पैसे मिळतात!" सगळा वर्ग खो खो हसला. पण हसता हसता फळ्यावर आमची यादी तयार झाली होती: वेळ, हत्यारं, जागा, शिकायला लागलेली वर्षं, आणि चुकलं तर पुन्हा करून द्यायची हमी. ही शेवटची गोष्ट धाकट्या मिस्त्रींनी सांगितली. "आमच्याकडचं काम महिन्यात परत वाजलं, तर पप्पा फुकट करून देतात."

संध्याकाळी मी फाट्यावर गाडी थांबवली आणि दोनशे रुपये पुढे केले. मिस्त्रींनी घेतले नाहीत. "राहू द्या, बाई. ठरलं ते ठरलं. पुढच्या येळेला कापू नका, म्हणजे झालं."

पुढची वेळ पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये आली. या खेपेला खट् खट् नव्हतं. गतिरोधकावरून गेलं की गाडी होडीसारखी डुलायची. मीच बॉनेट दाबून बघितलं. एकदा वर, खाली, पुन्हा वर! टॉर्च लावून आत बघितलं तर डाव्या शॉकअपवर तेलकट, काळी चिकट माती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दुखणं माझ्याच गाडीचं, पण मीच ओळखलं होतं ना!

या वेळी मी घाई केली नाही. आधी तीन ठिकाणी विचारून आले. शहरातल्या सामानाच्या दुकानात जाऊन खोक्यावरची छापील किंमत वाचली. ही किंमत, म्हणजे एमआरपी, सगळे कर धरूनच असते, बरं का. सामानावर त्या किमतीच्या वर पुन्हा जीएसटी लावला असेल, तर तिथे बोट ठेवून विचारायचं. मजुरीवर नोंदणी झालेलं गॅरेज वेगळा कर लावतं, त्यात काही गैर नाही.

एका गॅरेजमध्ये मला चक्क सहाशेला एक शॉकअप मिळत होता. चकचकीत काळा रंग, पण खोकं नाही, नाव नाही. "कंपनीचाच आहे, रिपेअर केलेला," असं उत्तर. जुनी नळी, नवा रंग! दिसायला स्वस्त, पण शॉकअप नीट नसेल तर खराब रस्त्यावर टायर जमीन सोडून उडतं, आणि टायर जमिनीवर नसेल तर ब्रेक लागणार कशाला? तिथे मी भाव केला नाही. नुसतीच निघाले.

थोरल्या मिस्त्रींना मात्र मी एक प्रश्न विचारलाच. "गळतोय डावा. मग दोन्ही का बदलायचे?" मागच्या वर्षीची मी असते तर मनात म्हटलं असतं, आला बघा लुबाडायला. मिस्त्री म्हणाले, "एका पायात नवा बूट आणि एका पायात झिजलेली चप्पल घालून पळून बघा, बाई." एक बाजू कडक आणि एक ढिली असली, की वळताना नि ब्रेक लावताना गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. म्हणून एका आसाचे दोन्ही शॉकअप जोडीनं बदलतात. त्यांनी सीलबंद खोकी माझ्यासमोर फोडली. सामानाची किंमत छापील किमतीपेक्षा थोडी कमीच लावली. मजुरी हजार सांगितली. मी हजार दिले आणि बिल मागितलं. त्यांनी पुस्तक काढून बिल फाडलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, मागतंय कोण? लोक म्हणतात, बिल नको, शंभर कमी करा."

त्या शहरातल्या वर्कशॉपबद्दल आता मला पूर्वीइतका राग येत नाही. त्यांचं भाडं मोठं, माणसं पुष्कळ, कॉफीचासुद्धा खर्च त्यातच. सुटा बुश दाबून बसवत बसण्यापेक्षा अख्खा आर्म बदलला की वेळ वाचतो आणि गाडी तक्रार घेऊन परत येत नाही, असाही त्यांचा हिशेब असेल. तो हिशेब त्यांनी मला सांगितला असता तर मी कदाचित पैसे दिलेही असते. पण टॉमी लावून "हे बघा, इथे वाजतंय" असं दाखवायला तिथे कुणी आलं नाही. साहेबांना फोन मात्र हवा होता!

आता गेल्या महिन्यातली गंमत सांगते. शाळेच्या रस्त्याला लागले आणि मागून खडाड् खट्, खडाड् खट्! माझ्या पोटात गोळा. फाटकात धाकटे मिस्त्री उभेच होते. तो आता मोठ्या वर्गात गेलाय, आवाज जरा घोगरा झालाय. त्यानं हातानं खूण करून गाडी थांबवली, पुन्हा थोडी पुढे घ्यायला लावली आणि कान तिरपा करून ऐकलं.

"बाई, हे सस्पेन्शन न्हाई. डिकी उघडा."

डिकी उघडली. आदल्या दिवशी शाळेसाठी घेतलेली तराजूची वजनं पिशवीतून सुटून लोळत होती!

मी हसत विचारलं, "मजुरी किती झाली, मिस्त्री?"

"बघायचे पैसे लागतात, बाई."

मी डबा उघडला आणि त्यातला एक रव्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. त्यानं दुसराही हात पुढे केला.

"दोन द्या. जोडीनंच बदलतात."